मुकादम मॅडमचा खांदा

मुकादम मॅडमचा उजवा खांदा दुखायचा, आणि सात महिने आम्ही सगळे त्याला खांदाच समजलो. आम्ही म्हणजे कोण? एक हाडांचा डॉक्टर, एक फिजिओथेरपिस्ट, मी, आणि खुद्द मॅडम. दिवसभर दुसऱ्यांच्या शरीरात डोकावून पोट भरणारी चार माणसं! आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्यातही सगळ्यात जास्त राग मला माझाच येतो, कारण बाकीच्यांना मॅडमनी शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं.

आमचं क्लिनिक मस्कतच्या गाला भागात. खाली टायरची दुकानं, गॅरेजं, रंगाची वर्कशॉपं. वर दुसऱ्या मजल्यावर आम्ही. खालचा कॉम्प्रेसर सुरू झाला की माझ्या टेबलावरचा चहा थरथरायचा. मी डोंबिवलीहून आलेली एक्स-रे टेक्निशियन. नवऱ्याला इथे नोकरी लागली म्हणून आले, आणि घरात बसून डोकं फिरायला लागलं म्हणून कामाला लागले. पहिल्या दिवशी मला सोनोग्राफीच्या खोलीत नेलं, तिथे एसी अठरावर लावून, बुरख्यावर पुरुषी तपकिरी स्वेटर चढवून एक पाच फुटी बाई बसली होती. शेजारी चहाचा थर्मास, आणि लहान बाळाची दुधाची बाटली गरम ठेवायचं एक यंत्र. त्यात सोनोग्राफीच्या जेलची बाटली उभी.

"काय बघतंस गो?" त्या म्हणाल्या. "थंड जेल पोटावर पडलं की माणूस पोट आवळतो. आवळलेल्या पोटात काय दिसणार तुला? कप्पाळ?"

ही आमची पहिली ओळख. डॉक्टर हमीदा मुकादम, रेडिओलॉजिस्ट, मूळच्या दाभोळच्या. माझ्याशी शुद्ध मराठी बोलायच्या, पण राग आला किंवा माया आली की मधे 'गो' यायचा. दोन्हींपैकी नक्की काय आलंय ते आपण ओळखायचं.

माझं नाव वैशाली. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "वैशाली, सोनोग्राफी शिकायची आहे?"

मी दचकलेच. आपल्याकडे सोनोग्राफीच्या प्रोबला डॉक्टरशिवाय कुणी हात लावला तर मशीनला सील ठोकतात. मी तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "इथे टेक्निशियन शिकून, परीक्षा देऊन, लायसन्स घेऊन करतात. तुला परीक्षेची भीती वाटते की माझी?"

"तुमची," मी म्हटलं.

"मग पास होशील."

त्यांच्या खोलीत दोन नियम होते. पहिला नियम चिठ्ठीचा. पेशंट आत आला की त्याच्या हातातली डॉक्टरची चिठ्ठी घ्यायची आणि न वाचता टेबलावर पालथी ठेवायची. नाव, वय, क्रमांक रिसेप्शनवाली मुलगी मशीनवर टाकायचीच, तेवढं बस. कुठे दुखतंय, कशाचा संशय आहे, हे सगळं चिठ्ठीत लिहिलेलं असायचं, आणि ते शेवटी वाचायचं. आधी पेशंटला विचारायचं, "एका बोटाने दाखव." पंजा नाही, तळहात नाही, एक बोट. पंजाबी असो, बंगाली असो, मस्कतचा म्हातारा असो, प्रत्येकाला त्याच्या भाषेत तेच. मग त्या बोटापासून सुरुवात करून सगळं पोट बघायचं, सगळं म्हणजे सगळं, आणि बघून झाल्यावर चिठ्ठी उलटायची.

मला हे खुळचट वाटायचं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "मॅडम, डॉक्टरने लिहिलंय तर आधी वाचायला काय हरकत आहे? वेळ वाचेल."

"डॉक्टरने 'पित्ताशयात खडा?' असं लिहिलं, की तू खडा शोधणार. सापडला की खूश होऊन उठणार. आणि मागे मूत्रपिंडात काय बसलंय ते तसंच राहणार. दुखणं खोटं बोलत नाही, वैशाली. पण पत्ता चुकीचा देतं. त्यात डॉक्टरने तो चुकीचा पत्ता कागदावर लिहिला, की सगळे टपाल तिथेच टाकतात."

दुसरा नियम चेहऱ्याचा. तो मला फार महागात पडून कळला.

सोहारच्या औद्योगिक वसाहतीतून एक पोरगेलासा वेल्डर आला होता, बिहारकडचा. कंबर दुखत होती. मी तेव्हा नुकती एकटीने प्रोब धरायला लागले होते. त्याच्या मूत्रपिंडावर लिंबाएवढा काळा गोल दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे बापरे." बास, एवढंच. खरं तर तो साधा पाण्याचा फुगा होता, असे शेकड्यांनी लोक घेऊन फिरतात आणि त्यांना आयुष्यभर कळतही नाही. मॅडमनी येऊन पाहिलं, मान हलवली, तो गेला. पण त्याने माझा चेहरा पाहिला होता.

तासाभराने खालचा वॉचमन वर आला. म्हणाला, तुमचा पेशंट पार्किंगमध्ये उन्हात बसून फोनवर रडतोय. आईला सांगतोय की आता मी काही परत येत नाही.

मॅडम स्वेटरसकट खाली धावल्या. बाहेर इतकं ऊन की गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसावा. त्या त्याला हाताला धरून वर घेऊन आल्या, पुन्हा टेबलावर झोपवलं, पडदा त्याच्याकडे वळवला. "देख. ये पानी का फुग्गा है. पानी! तेरे अंदर पानी है, मेरे अंदर भी है, इस बाई के तो दिमाग में है." तो हसला. मग त्यांनी त्याच्याच फोनवरून त्याच्या आईला फोन लावला, आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत दहा मिनिटं बोलल्या. तो गेल्यावर माझ्याकडे वळल्या, आणि मला वाटलं आता माझं काही खरं नाही.

"पेशंट मशीनकडे बघत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्याला मशीनमधलं काय कळतंय? तो तुझ्या तोंडाकडे बघतो. तुझं तोंड हाच त्याचा रिपोर्ट."

पुढचे पंधरा दिवस मला शिक्षा. मी प्रोब फिरवत असताना त्या मागे उभ्या राहून मला हसवायच्या. आमच्या हाडांच्या डॉक्टरची हुबेहूब नक्कल करायच्या, तो कसा प्रत्येक एक्स-रे उजेडाकडे धरून 'इंटरेस्टिंग' म्हणतो ते. पेशंटला मराठी कळायचं नाही, आणि मला मेलं हसता यायचं नाही. गालाच्या आतली कातडी चावून चावून मी शिकले. पुढे पुढे माझा चेहरा इतका थोबाडीत मारल्यासारखा बसायला लागला की घरी नवरा विचारायचा, काय झालंय, कुणाशी भांडलीस?

मॅडमचं हसणं मात्र अख्ख्या मजल्याला ऐकू जायचं. मोठ्याने, मान मागे टाकून, मांडीवर थाप मारून. रिसेप्शनवरची मुलगी म्हणायची, मॅडम आल्यात की नाही हे बघायला रजिस्टर लागत नाही.

आणि संताप? तोही तसाच. तो मी अब्दुल्ला चाचांच्या वेळी पाहिला.

चाचा आमच्या बिल्डिंगखाली टायरचं दुकान चालवायचे. म्हसळ्याचे, सत्तरीला टेकलेले, बोटं विडीने पिवळी झालेली. सकाळी ट्रकचं टायर उचलताना कंबरेत कळ आली म्हणून वाकत वाकत वर आले. आमच्या क्लिनिकच्या जनरल डॉक्टरने तपासून कंबरेच्या मणक्याचा एक्स-रे लिहिला. त्यात काही चूक नव्हती. टायर उचललं, कंबर धरली, दुसरं काय लिहिणार?

मी एक्स-रे काढला. आणि चांगला काढला! चौकट अगदी मणक्यापुरती घट्ट बांधली, कारण आम्हाला शिकवतात तसंच. जेवढं हवं तेवढंच, जास्त किरण नकोत. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. मॅडम आल्या, पडद्यासमोर उभ्या राहिल्या आणि ओरडल्या.

"याचं पोट कुठे गेलं?"

"मॅडम, मणक्याचा एक्स-रे आहे," मी म्हटलं.

"सत्तर वर्षांच्या विडी ओढणाऱ्या माणसाची कंबर दुखतेय आणि तू चौकट बांधून बसलीस? कडेला बघ. कडेला!"

चौकटीच्या अगदी काठावर, मणक्यांच्या पुढे, खडूने ओढावी तशी एक बारीक वाकडी रेघ होती. अर्धीच. बाकीची अर्धी मी कापून टाकली होती. मला काही कळलं नाही. मॅडमना कळलं. पोटातून जाणारी मोठी रक्तवाहिनी फुगली की तिच्या भिंतीवर कधी कधी चुना बसतो, त्याची ती रेघ.

त्या एक्स-रेच्या खोलीत गेल्या. चाचा टेबलावरून उतरायच्या बेतात, एक पाय खाली. "चला डॉक्टरीण बाय, माझं गिऱ्हाईक उभं आहे खाली. गोळी द्या काहीतरी."

"चाचा, झोपा." मॅडमनी त्यांच्या पोटावर हात ठेवला आणि तिथेच ठेवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. काहीही हललं नाही. "वैशाली, मशीन इथे आण," त्या म्हणाल्या, अगदी चहा आण म्हणाव्या तशा.

चाकांचं सोनोग्राफी मशीन मी ढकलत आणलं. प्रोब लावला, आणि पडद्यावर जिथे अंगठ्याएवढी नळी दिसायला हवी तिथे मोसंब्याएवढा गोळा धडधडत होता. त्याच्या बाजूला एक धूसर पट्टा, म्हणजे रक्त झिरपायला लागलेलं. ती पिशवी फुटली असती तर चाचा आमच्या डोळ्यांसमोर दोन मिनिटांत संपले असते. आणि चाचांना तर उठून टायर विकायचं होतं.

मॅडमनी डाव्या हाताने माझ्या हातावर लिहिल्यासारखं बोट फिरवलं: फोन. मी बाहेर जाऊन मोठ्या हॉस्पिटलला फोन केला, ॲम्ब्युलन्स मागवली. परत आले तर आत गप्पा रंगलेल्या. मॅडम विचारत होत्या, दिघीची बोट अजून गाड्या घेते का? पूर्वी किती माणसं बसायची? चाचा उताणे पडून सांगत होते, हात हलवायला लागले की मॅडम तो हात हातात घेऊन खाली ठेवायच्या. "हलू नका हं चाचा, फोटो हलतो." मधेच चाचा उठायला बघायचे, "पुरे आता, गिऱ्हाईक..." आणि मॅडम म्हणायच्या, "ते गिऱ्हाईक वर आलंय, मी त्याला चहा दिलाय, बसलंय." साफ खोटं. वीस मिनिटं हे चाललं होतं. एसी अठरावर होता आणि माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ जात होते.

ॲम्ब्युलन्स आली, चाचा गेले, त्याच दुपारी ऑपरेशन झालं, आणि ते वाचले. दीड महिन्याने हलव्याचा मोठा डबा घेऊन हळूहळू जिना चढून आले आणि भांडले, "बाय, त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतंच वर!" मॅडम इतक्या हसल्या की खाली गॅरेजवाले बघायला लागले.

पण त्या दिवशी, चाचा गेल्यावर, मॅडम माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. मग निघताना म्हणाल्या, "चौकट घट्ट बांध. नियमच आहे तो. पण बांधण्याआधी माणसाकडे एकदा बघ गो. किती वर्षांचा आहे, काय ओढतो, कसा चालतो. मग ठरव काय कापायचं ते." मी घरी जाऊन रडले. रागाने रडले, कारण त्यांचं बरोबर होतं.

आता खांद्याकडे येते. इतका वेळ तेच टाळत होते.

सोनोग्राफी करणाऱ्याचा खांदा दुखतोच. हात अधांतरी धरून, प्रोब दाबून, मान वळवून दिवसाला तीस-तीस पोटं बघितल्यावर दुसरं काय होणार? आमच्या धंद्यात तो बिल्ल्यासारखा मिरवतात. म्हणून मॅडमनी पहिल्यांदा "खांदा भरून आलाय" म्हटलं तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, आता तुम्ही खऱ्या सिनियर झालात." दोघी हसलो. हसताना त्यांनी "या अल्ला" म्हणून खांदा धरला. आणि मी, हे सगळं शिकलेली मी, त्यावर आणखी हसले.

फिजिओथेरपिस्टने रंगीत पट्ट्या चिकटवल्या. 'इंटरेस्टिंग'वाल्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं. मी त्यांना भिंतीवर बोटं चालवत वर न्यायचा व्यायाम शिकवला, त्या रोज करायच्या आणि हात आरामात वर जायचा. कपाटावरच्या फायली त्या पूर्वीसारख्याच काढायच्या. हे आम्ही सगळे बघत होतो! हात वर जातोय, फिरतोय, फायली काढतोय, तरी खांदा दुखतोय, आणि कुणालाही प्रश्न पडला नाही.

मग रमजान आला. मॅडम झटकल्या. रमजानमध्ये माणूस झटकतोच, असं आम्ही म्हटलं. ईद होऊन दोन महिने झाले तरी स्वेटर अंगावर लोंबत राहिला. माझ्या डब्यातली थालीपिठं त्या आधी हक्काने उचलायच्या, आता एक तुकडा मोडून बाकी परत ठेवायला लागल्या. आणि मजल्यावरचं ते हसणं बंद झालं. त्या तोंड मिटून हसायला लागल्या. मला वाटलं, वय झालं, थकल्या. घरी सलीमभाई, त्यांचे मिस्टर, त्यांनाही तसंच वाटलं असणार.

तो गुरुवार होता. दुपारी एक ते चार क्लिनिक बंद असतं. बहुतेक लोक घरी जाऊन झोपतात. मॅडम अल अमेरातला राहायच्या, त्याही जायच्या. त्या दिवशी गेल्या नाहीत. साडेतीनच्या सुमाराला मी खोलीत आले तर त्या पेशंटच्या टेबलावर बसलेल्या, पाय लोंबकळत. जेल गरम झालेलं. टेबलावर एक चिठ्ठी, पालथी.

"माझा खांदा बघ," त्या म्हणाल्या.

"चिठ्ठी कशाला मॅडम, आपल्याआपल्यात?"

"नियम म्हणजे नियम."

मी त्यांच्या मागे बसले. प्रोब लावला. खांद्याचे सगळे स्नायू, सगळे तंतू, एकेक करून पाहिले. थोडं झिजलेलं होतं, वयानुसार. त्या वयाच्या निम्म्या बायकांचं तसं असतं. सात महिने माणसाला रडवेल असं त्यात काही नव्हतं. मी पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच.

"काही आहे?" मॅडमनी विचारलं.

आणि तेव्हा, इतक्या उशिरा, मला पहिला नियम आठवला. मी विचारलंच नव्हतं. "मॅडम, एका बोटाने दाखवा."

त्यांनी डावा हात उचलला आणि एक बोट खांद्याच्या वर, मानेच्या उताराजवळ ठेवलं. हाड संपतं तिथे, सांध्यापासून लांब.

"कधी दुखतं? हात उचलला की?"

"नाही."

"मग कधी?"

त्यांनी बोट तिथेच ठेवलं. पण मला दिसायला लागलं होतं. खांदा दुखणारी बाई केस विंचरताना कळवळते. मॅडम हसताना कळवळत होत्या. हसताना काय हलतं? खांदा नाही हलत. छातीखालचा श्वासाचा पडदा हलतो. आणि त्या पडद्याची नस मानेतून येते, खांद्याच्या शेजारून; त्यामुळे खाली पडद्याला काही टोचलं तर माणूस खांदा धरतो. हे मला कुणी शिकवलं होतं? त्यांनीच. याच खोलीत, याच टेबलाशी, दुसऱ्याच कुणाच्या पोटावर प्रोब ठेवून.

"झोपा मॅडम," मी म्हटलं.

"खांदा बघायला झोपायला लागतं?"

"झोपा म्हटलं ना!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. त्या मुकाट्याने झोपल्या.

उजव्या बरगड्यांखाली जेल लावलं. यकृताचा वरचा भाग बरगड्यांआड आणि फुप्फुसाच्या हवेआड दडलेला असतो, तो सहजी दिसत नाही. म्हणून पेशंटला श्वास आत घ्यायला लावायचा, पडदा खाली सरकतो, तेवढे दोन-तीन सेकंद मिळतात.

"श्वास घ्या. आत. धरा."

काही नाही. राखाडी, एकसारखं.

"सोडा. पुन्हा. अजून खोल. धरा."

"दुखतं गो," त्या म्हणाल्या.

"कळतंय मला. एकदाच. घ्या."

त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला, पडदा खाली आला, आणि त्याच्या अगदी खालून, चिकटून, एक गाठ वर आली. पांढुरकी, वेडावाकडा काठ असलेली. मुठीएवढी. मी फोटो धरला. श्वास सोडायला सांगितलं. बाजूला प्रोब नेला. तिथे आणखी एक, छोटी. मग आणखी एक.

खाली कॉम्प्रेसर सुरू झाला. मशीन बारीक थरथरत होतं. मी एकेक मोजमाप घेत गेले, कर्सर ठेवला, बटण दाबलं, दुसरा ठेवला, बटण दाबलं. गालाची आतली कातडी दातांत धरली होती, तोंडात रक्ताची चव आली. मनात एकच चाललं होतं, हलू नकोस, वैशाली, तोंड हलू देऊ नकोस. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पण त्या कुठे मशीनकडे बघत होत्या? त्या माझ्याकडे बघत होत्या.

"चेहरा फार छान ठेवलास," मॅडम म्हणाल्या. "इतका छान कधीच ठेवला नव्हतास. किती आहेत?"

माझ्या हातातून प्रोब सुटला आणि वायरला लोंबकळला.

"तीन," मी म्हटलं. "मोठी मुठीएवढी."

"हं." त्यांनी टिश्यूने स्वतःच पोट पुसलं, स्वेटर खाली ओढला. "आता चिठ्ठी वाच."

मी उलटली. त्यांचंच अक्षर, त्यांचाच शिक्का. खांद्याचं नावसुद्धा नव्हतं. लिहिलं होतं: 'पोट. यकृताचा वरचा भाग नीट बघावा. हसताना दुखतं.'

"कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"दोन आठवडे. टीव्हीवर काहीतरी बघून हसत होते, कळ आली, आणि मनात आलं, हमीदा, खांदा हसताना कशाला दुखेल? एवढं कळायला मला सात महिने लागले. दुसऱ्या कुणाचं असतं तर सात मिनिटं लागली नसती."

"मग स्वतः का नाही बघितलं? मला तरी सांगायचं!"

"प्रोब तीनदा हातात घेतला होता. लावला नाही. स्वतःच्या पोटात मी काही नाही असंच बघितलं असतं." त्या टेबलावरून उतरल्या, चपला शोधल्या. "आणि तुला सांगितलं असतं तर तू काढलंच असतंस शोधून. सांगितल्यावर सगळेच काढतात. मी गेल्यावर या खोलीत कोण बसणार, ते बघायचं होतं मला."

मी रडायला लागले. अगदी हमसून. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाल्या, "आता रड. आता पेशंट नाही आत. दहा मिनिटं आहेत तुझ्याकडे, मग तोंड धू."

पुढचं थोडक्यात सांगते, कारण मला ते लांबवता येत नाही. रविवारी सलीमभाई त्यांना मुंबईला घेऊन गेले. तिथे स्कॅन झाले, सुया टोचून झाल्या, औषधं झाली. कॅन्सरचं मूळ आतड्यात होतं, तिथून वर यकृतात गेलेलं. त्या पावसाळाभर दाभोळला होत्या, आणि दिवाळीच्या आत गेल्या. सात महिने आधी सापडलं असतं तर काय झालं असतं, हे मी त्या मुंबईच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं होतं. ते म्हणाले, नक्की सांगता येणार नाही. मला उगाच बरं वाटावं म्हणून म्हणाले, एवढं मला कळतं. मी तोच धंदा करते.

पण मला त्या दिसतात त्या दाभोळच्या अंथरुणावरच्या नाहीत. मी त्यांना तसं पाहिलंच नाही. दिसतात त्या त्याच गुरुवारच्या, चार वाजून गेल्यावरच्या.

मी तोंड धुऊन आले तेव्हा बाहेर तीन पेशंट बसले होते. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही घरी जा, मी बघते." त्या म्हणाल्या, "यल्ला, चल, पहिला पाठव," आणि आपल्या खुर्चीत बसल्या. पहिला खालच्याच गॅरेजमधला मेकॅनिक होता, केरळचा, हात ग्रीसने काळे, चेहरा भीतीने पांढरा. त्याने चिठ्ठी पुढे केली. मॅडमनी ती न बघता पालथी ठेवली.

"एक उंगली से दिखा," त्या म्हणाल्या.

त्याने दाखवलं. त्यांनी त्याच्या पोटावर प्रोब फिरवला, सगळीकडे, सावकाश, नेहमी घ्यायच्या तेवढाच वेळ घेऊन. तो डोळे फाडून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मी कपाटाला टेकून उभी होते, स्वेटरच्या खिशात त्यांची ती चिठ्ठी कोंबलेली दिसत होती.

"कुछ नहीं है," त्या म्हणाल्या. "गैस है. क्या खाया कल?"

"मॅडम, परोटा," तो म्हणाला. "चौदा."

"चौदा?"

"शर्त थी."

आणि मॅडम हसल्या. पूर्वीसारख्या, मोठ्याने, मान मागे टाकून. डावा हात मशीनच्या बटणांवरून सुटला आणि उजव्या खांद्याकडे निघाला, अर्ध्या वाटेवर थांबला, आणि परत येऊन बटणांवर बसला. चेहरा हसराच होता, जराही हलला नाही. तो मेकॅनिक त्या चेहऱ्याकडे बघून स्वतःही हसायला लागला, आणि शर्ट खाली ओढत, जिवात जीव येऊन, बाहेर गेला.

"पुढचा," मॅडम म्हणाल्या.